हुकुमाचे व्याकरण : कमांड लाइन आणि भाषेचा अध्यापक

प्रस्तावना

बडोदे येथे १८९० साली सयाजीराव महाराज तिसरे यांनी कलाभवनाची स्थापना केली. शास्त्र आणि हुन्नर मातृभाषेतून शिकवावेत, असा त्याचे पहिले प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर यांचा आग्रह होता. दादासाहेब फाळके हे तेथीलच विद्यार्थी. १९३१ साली बडोदे संस्थानाने ‘श्री सयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा कोश प्रसिद्ध केला. त्यात राज्यकारभारातील इंग्रजी शब्दांना मराठी व उर्दूसह अनेक भाषांतील पर्याय दिलेले आहेत. नवी विद्या आली की तिच्यासाठी आपल्या भाषेत वाट करून द्यायची, ही या शहराची जुनी रीत आहे.

संगणकाच्या बाबतीत मात्र आपण ही रीत पुरेशी पाळलेली नाही. काळ्या पडद्यावर कमांड लाइन दिसली की उर्दू, मराठी किंवा गुजराती माध्यमाचा विद्यार्थी ‘मला इंग्रजी येत नाही’ म्हणून मागे सरकतो. सर्व्हरवर बहुधा चित्रांचा पडदा नसतो. त्यामुळे हा विद्यार्थी सॉफ्टवेअर लिहिण्याच्या आणि यंत्रणा सांभाळण्याच्या कामांना मुकतो. कमांड लाइन ही मुळात एक छोटी भाषा असून भाषेच्या अध्यापकालाही ती शिकवता येते, हे दाखवण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. (लेखात हुकुमांचे उच्चार दिले आहेत, टंकताना ते रोमन लिपीतील लहान अक्षरांत टंकावेत.)

१. वाक्यरचना

केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ साली अमेरिकेतील बेल लॅब्समध्ये युनिक्सचे काम सुरू केले. लिनस टोरव्हाल्ड्स यांनी १९९१ साली आणलेल्या लिनक्सने तीच हुकूमपद्धती स्वीकारली. त्या काळच्या संथ टंकयंत्रांना सोयीचे म्हणून शब्द दोन-तीन अक्षरांचेच राहिले. इंग्रजी येणाऱ्यालाही ते नव्यानेच शिकावे लागतात, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे.

मराठीत व उर्दूत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, येथे ते आरंभी येते. ‘एलएस -एल निकाल’ या वाक्यात ‘एलएस’ (यादी दाखव) हे आज्ञार्थी क्रियापद, ‘-एल’ (तपशिलासह) हे क्रियाविशेषण आणि ‘निकाल’ या फोल्डराचे नाव हे कर्म होय. तिन्हींमध्ये मोकळी जागा सोडावी लागते. एवढे व्याकरण फळ्यावर मांडले की निम्मी भीती जाते.

२. आरंभीचे शब्द

‘पीडब्ल्यूडी’ म्हणजे मी कोठे आहे ते सांग. ‘सीडी’ने दुसऱ्या फोल्डरात जाता येते, ‘एमकेडीआयआर’ने नवा फोल्डर होतो. ‘सीपी’ प्रत काढते. ‘एमव्ही’ फाइल हलवते आणि तिचे नावही बदलते. ‘लेस’ने मजकूर वाचता येतो, ‘ग्रेप’ने फाइलीतील शब्द शोधता येतो आणि ‘मॅन’ने कोणत्याही हुकुमाची माहिती मिळते. पुढे सर्व्हरच्या कामासाठी दूरच्या यंत्रात प्रवेश देणारे ‘एसएसएच’, नोंदवहीत येणाऱ्या नव्या ओळी दाखवत राहणारे ‘टेल -एफ’ आणि व्यवस्थापकाचे अधिकार देणारे ‘सुडो’ हे तीन शब्द शिकवावेत.

३. वाक्यांची जोडणी

१९७३ साली डग मॅकिलरॉय यांच्या कल्पनेतून युनिक्समध्ये ‘पाइप’ आला. उभ्या दांडीच्या या चिन्हाने एका हुकुमाचे उत्तर दुसऱ्याच्या हाती जाते. समजा, एका फाइलीत विद्यार्थ्यांच्या वस्त्या आहेत. एका ओळीत एक नाव याप्रमाणे याकुतपुरा, वाडी, फतेगंज, पुन्हा वाडी. कोणत्या वस्तीतून किती विद्यार्थी येतात हे पाहण्यासाठी पुढील ओळ पुरते :

सॉर्ट वस्ती | युनिक -सी | सॉर्ट -आरएन

पहिला हुकूम नावे क्रमाने लावतो, दुसरा सारख्या ओळी मोजतो, तिसरा मोठी संख्या वर आणतो. ‘युनिक’ फक्त लागोपाठच्या सारख्या ओळी ओळखतो, म्हणून आधी ‘सॉर्ट’ आवश्यक आहे. हे कारण विद्यार्थ्याने स्वतः सांगितले तरच त्याला पाइप समजला असे मानावे.

४. आपल्या लिप्यांचा प्रश्न

‘बडोदा’ हा शब्द युनिकोडमध्ये टंकून फाइलीत ठेवावा. ‘डब्ल्यूसी -एम’ चिन्हे मोजते, ‘डब्ल्यूसी -सी’ बाइट मोजते. देवनागरीत ब, ड, ओकार, द, आकार अशी ५ चिन्हे होतात. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, म्हणून बाइट १५ होतात. हाच शब्द उर्दू लिपीत ५ अक्षरांचाच, पण प्रत्येकी २ प्रमाणे १० बाइटांचा होतो. (ओळ संपवणारे चिन्ह असल्यास दोन्हीकडे १ वाढतो.) युनिकोडपूर्व फॉन्टात टंकलेला मजकूर मात्र ‘ग्रेप’ला सापडत नाही, कारण फाइलीत वेगळेच संकेत साठलेले असतात. हा पाठ आपल्या विद्यार्थ्यांना इतरांपेक्षा अधिक उपयोगी आहे. उद्या मराठी-उर्दू मजकुरावर चालणारी सॉफ्टवेअरे त्यांनाच तपासायची आहेत.

५. सावधगिरी

‘आरएम’ फाइल पुसते, आणि ती सहसा कचरापेटीत जात नाही. एकदा एका प्रकारच्या फाइली पुसताना तारका आणि ‘.टीएक्सटी’ यांच्यामध्ये माझ्याकडून एक जागा सुटली. नुसत्या तारकेचा अर्थ ‘येथील सर्व फाइली’ असा होतो. दोन वर्षांच्या प्रश्नपत्रिका क्षणात गेल्या, आणि दुसरी प्रत मी ठेवलेली नव्हती. तेव्हापासून मी तोच नमुना आधी ‘एलएस’ला देऊन यादी पाहतो. विद्यार्थ्यांनी ‘आरएम -आय’ वापरावे. त्यात प्रत्येक फाइलीपूर्वी विचारणा होते.

अधिकारांचे गणितही सोपे आहे : वाचणे ४, लिहिणे २, चालवणे १. ‘सीएचमॉड ६४० निकाल.टीएक्सटी’ म्हणजे मालकाला वाचन व लेखन (४+२), गटाला केवळ वाचन (४), इतरांना काहीच नाही (०). गुणपत्रके सांभाळणाऱ्यास हे माहीत असलेच पाहिजे.

समारोप

यासाठी वेगळा खर्च नाही. लिनक्स विनामूल्य मिळते आणि विंडोजवरही लिनक्सची उपप्रणाली बसवता येते. अध्यापकांनी दररोज दोन हुकूम घ्यावेत. प्रत्येकाचा अर्थ विद्यार्थ्याने मराठीत किंवा उर्दूत स्वतःच्या शब्दांत वहीत लिहावा. ‘हुकूम’ हा शब्द अरबी-फारसीतून आला आणि मराठीत घरचा झाला. वहीतले हे शब्दही वापराने तसेच घरचे होतील.