चाकांवरचे दक्षिणायन

उत्तर अमेरिकेत ‘स्नोबर्ड’ या नावाने ओळखली जाणारी एक मोठी जमात आहे. थंडी पडू लागली की पक्षी दक्षिणेकडे झेपावतात, तशी मिनेसोटा, मिशिगन, ओंटारिओ येथील निवृत्त माणसे फ्लोरिडा, टेक्सास, ॲरिझोना गाठतात आणि वसंतात परततात. काही विमानाने जातात, काही मोटारीने. पण पुष्कळांचे घरच चाकांवर असते. निजायची खाट, स्वयंपाकाचा ओटा, न्हाणीघर, फ्रीज असे सारे सामावून घेणाऱ्या या वाहनाला तेथे ‘आरव्ही’ म्हणतात. आपल्याला याचे फार नवल वाटू नये. गाडिया लोहारांचे गाडे माळव्याच्या रस्त्यांवर आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. पावसाळा सरल्यावर मेंढरे घेऊन कोकणात उतरणारे धनगर तर ऋतू पाहूनच बिऱ्हाड हलवतात. फरक इतकाच, की स्नोबर्ड बहुधा साठी-सत्तरी ओलांडलेला असतो आणि त्याच्या बिऱ्हाडात कपड्यांपेक्षा औषधांची मोजदाद अधिक काळजीने करावी लागते.

हा विषय माझ्याकडे आला तो माझ्या आतेबहिणीमुळे. ती आणि तिचे यजमान चाळीस वर्षांपूर्वी इंदूर सोडून मिनियापोलिसला स्थायिक झाले. ताई सहासष्ट वर्षांची; तिला दमा आहे आणि मधुमेहासाठी ती इन्सुलिन घेते. भाऊजी एकोणसत्तरचे, तीन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयात स्टेंट बसवला. जानेवारीत तेथे रात्रीचे तापमान उणे तेरा अंशांच्या आसपास असते. त्या थंड, कोरड्या हवेत पाऊल टाकताच ताईचा श्वास कोंडतो, म्हणून नोव्हेंबर ते मार्च ती घरातच कोंडलेली असते. भाऊजींनी एक जुनी, तीस फुटी आरव्ही विकत घेतली आणि टेबलावर नकाशा पसरला. मुलीने विमानाने जाण्याचा आग्रह धरला. शेवटी ताईने मला फोन केला. “तू मुलांचा डॉक्टर खरा, पण आम्हीही आता मुलेच झालो आहोत. जाऊ की नको, एवढे सांग.”

आपल्यापैकी अनेकांची भावंडे आणि मुले परदेशी आहेत. असे फोन आपणा सर्वांनाच येतात, म्हणून त्या निमित्ताने जो विचार केला तो येथे मांडतो.

पहिला प्रश्न ‘कोठे’ हा. भाऊजींच्या मनात ॲरिझोना होते. तेथील क्वार्ट्झसाइट हे वाळवंटातले छोटे गाव हिवाळ्यात आरव्हींनी भरून जाते. आसपासच्या सरकारी जमिनीवर १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या काळात परवाना काढून दीर्घ मुक्काम करता येतो. ऊन भरपूर, हवा कोरडी. एके काळी क्षयरोग्यांना याच हवेसाठी ट्यूसॉनला पाठवीत असत. परंतु त्याच मातीत कॉक्सिडिऑइड्स नावाची बुरशी राहते. धुळीबरोबर तिचे बीजाणू श्वासात गेले की एक ते तीन आठवड्यांत ताप, खोकला आणि चिवट थकवा सुरू होतो. याला ‘व्हॅली फीव्हर’ म्हणतात. बहुतेक रुग्ण औषधाविना बरे होतात; काहींच्या फुप्फुसात गाठ किंवा पोकळी राहते, आणि मधुमेह्यांत पोकळीचा धोका अधिक. असा एक्स-रे आपल्याकडे कोणी समोर ठेवला, तर हात आपोआप क्षयाच्या औषधांकडे वळेल. फिनिक्स किंवा ट्यूसॉनला मुलाकडे चार महिने राहून परतलेले आईवडील खोकत आपल्या दवाखान्यात आले, तर प्रवासाची विचारपूस करावी आणि ही बुरशी आठवावी. क्षयाच्या गोळ्यांनी तिचे काहीच बिघडत नाही. गरज पडल्यास फ्लुकोनॅझोल लागते.

दमा आणि मधुमेह दोन्ही असलेल्या ताईला त्या धुळीत पाच महिने ठेवणे मला पटले नाही. टेक्सासच्या दक्षिण टोकाला, मेक्सिकोच्या सीमेलगत रिओ ग्रँडचे खोरे आहे. मॅकॅलन, हार्लिंजन ही तेथील गावे. हिवाळी पाहुण्यांना तेथे ‘विंटर टेक्सन’ असे खास नावच आहे. जानेवारीत दुपारी वीस-एकवीस अंश, म्हणजे जवळपास आपल्या इंदूरची थंडी. हवा दमट असल्याने बुरशीच्या ॲलर्जीकडे लक्ष ठेवावे लागेल, पण इन्हेलर हाताशी असताना तो धोका आटोक्यातला आहे.

वाटही सोपी आहे. पस्तीस क्रमांकाचा आंतरराज्य महामार्ग मिनियापोलिसहून डे मॉइन, कॅन्सस सिटी, ओक्लाहोमा सिटी, ऑस्टिन असा थेट सॅन अँटोनिओला उतरतो. वाटेत डोंगर नाही. तेथून पुढे खोरे. एकूण सुमारे २,३०० किलोमीटर. आरव्हीवाल्यांचा एक ‘तीन-तीन-तीन’ नियम आहे: दिवसाला तीनशे मैलांहून अधिक जायचे नाही, दुपारी तीनच्या आत थांबायचे, प्रत्येक ठिकाणी तीन रात्री राहायचे. हा नियम कोणा डॉक्टरने केलेला नसावा, पण पायांच्या शिरांत गुठळी होऊ नये म्हणून आपण याहून वेगळे काय सांगणार? मी फक्त दर दोन तासांनी उतरून दहा मिनिटे चालण्याची भर घातली.

निघण्याचा मुहूर्त मात्र लवकरचा हवा. नातवंडांसोबत दिवाळी करून निघू, असे ताईचे म्हणणे होते. मी तिला १९९१ ची आठवण दिली. त्या वर्षी ३१ ऑक्टोबरला सुरू झालेल्या वादळात त्यांच्याच शहरावर अठ्ठावीस इंचांहून अधिक बर्फ पडला होता. दिवाळी उशिरा येईल त्या वर्षी ती वाटेत साजरी करावी. गारठ्यात निघाल्यास नळ्या गोठून फुटू नयेत म्हणून त्यांत पाण्याऐवजी गुलाबी गोठणरोधक भरतात आणि उबदार मुलूख येईपर्यंत पाणी बाटल्यांतले वापरतात. हे द्रव प्रॉपिलीन ग्लायकॉलचेच असावे. मोटारीच्या रेडिएटरमधले इथिलीन ग्लायकॉल मूत्रपिंडाचे विष आहे, आणि त्याच कुळातल्या डायइथिलीन ग्लायकॉलने १९३७ साली अमेरिकेत शंभराहून अधिक बळी घेतले. सल्फाचे औषध त्यात विरघळवले होते. बालरोगतज्ज्ञाला हे नाव ऐकताच आजही धसका बसतो.

त्याहून मोठा शत्रू कार्बन मोनॉक्साइड. गॅस गीझरमुळे न्हाणीघरात बेशुद्ध पडलेली माणसे आपण पाहिली आहेत; आरव्ही हे त्या न्हाणीघराचेच थोरले भावंड. गॅसची शेगडी, हीटर, जनरेटर, आणि थंडीमुळे लावून घेतलेल्या खिडक्या. दोघांचेही डोके एकाच वेळी दुखू लागले आणि बाहेर जाताच उतरले, तर तो फ्लू नव्हे. कोविडच्या काळात घरोघरी घेतलेला पल्स ऑक्सिमीटर येथे दगा देतो. मोनॉक्साइडने व्यापलेले हिमोग्लोबिनही त्याला प्राणवायूने भरलेले वाटते आणि तो ९८ दाखवीत राहतो. धोक्याची घंटा देणारे यंत्र गाडीत असतेच, पण त्याचे आयुष्य पाच-सात वर्षांचे. भाऊजींनी ते काढून तारीख पाहिली. मुदत कधीच उलटून गेली होती. नवे बसवले. दक्षिणेत याची गरज काय, असे कोणी म्हणेल. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सास गोठले, वीज गेली. मृतांचा अधिकृत आकडा २४६ होता. घर उबदार ठेवण्यासाठी आत जनरेटर किंवा बंद गॅरेजमध्ये मोटार चालू ठेवून विषबाधा झालेलेही पुष्कळ होते.

विमा आणि लसी यांचे काम तुलनेने सोपे. मूळ मेडिकेअर सर्व राज्यांत चालते. ‘मेडिकेअर ॲडव्हांटेज’ घेतलेल्यांना घरापासून दूर बहुधा तातडीचे उपचारच मिळतात, म्हणून निघण्यापूर्वी करार वाचावा. फ्लू व न्यूमोकॉकसबरोबर आरएसव्हीची लसही घ्यावी. तान्ह्यांच्या छातीत घरघर उठवणारा आपला तो जुना ओळखीचा विषाणू वृद्धांनाही झोपवतो. साठीपुढच्यांसाठी त्यावरील लस २०२३ मध्ये मंजूर झाली. गोठलेले इन्सुलिन टाकून द्यायचे, वितळवून वापरायचे नाही. आणि एका कागदावर निदाने, औषधे, स्टेंटची तारीख, सोबत जुन्या ईसीजीची प्रत. लसीकरणाचे कार्ड जपणाऱ्या आया मला नेहमीच हुशार वाटत आल्या आहेत.

इतके झाल्यावर मी ताईला एकच प्रश्न विचारला: “ही गाडी तुला चालवता येते का?” फोनवर शांतता पसरली. इतकी वर्षे मोठे वाहन भाऊजींनीच हाकले होते. ओक्लाहोमाच्या माळरानावर त्यांच्या छातीत कळ आली, तर गाडी कडेला कोण घेणार? ९११ ला फोन करून महामार्गावरचा मैलाचा आकडा कोण सांगणार? ते चार दिवस इस्पितळात राहिले, तर गाडी योग्य जागी नेऊन, वीज-पाणी जोडून, मैल्याची टाकी रिकामी करून तिच्यात एकटीने कोण राहणार? नकाशा, विमा, लसी सगळे जुळले तरी याचे उत्तर नसेल तर मुलीचे ऐकावे आणि विमानाने जावे, असे मी स्पष्ट सांगितले. भाऊजी थोडे रागावले. “मला काही होत नाही,” हे वाक्य आपण सर्वांनी रुग्णांच्या तोंडून ऐकले आहे.

ताई मात्र कामाला लागली. ऑगस्टमध्ये प्रशिक्षक लावला, रविवारी सकाळी रिकाम्या पार्किंगमध्ये वळणे आणि मागे घेणे शिकली, सप्टेंबरात भाऊजींना शेजारी बसवून पन्नास मैल चालवली. गाडी हाती घेण्यापूर्वी साखर तपासायची आणि रोजचा एक तृतीयांश रस्ता तिनेच चालवायचा, असे ठरले आहे. मार्चमध्येही मिनेसोटात हिमवादळे येतात, म्हणून परतणे एप्रिलात. होळी टेक्सासमध्येच होणार. पुरणपोळीचा तवा ठेवताना छतावरची खिडकी उघडी ठेवीन, असे तिने मी न विचारताच कळवले आहे.