तळपायांवर लिहिलेलं

जानेवारीत जयपूरची पहाट ८ अंशांच्या आसपास असते. सांगानेरी गेटजवळच्या महिला चिकित्सालयात किंवा शहरातल्या कुठल्याही प्रसूतिगृहात खोली २५ अंशांवर ठेवली, तरी ३७ अंशांतून येणाऱ्या बाळाला ती गारच. त्यात ते ओलं असतं. अंगावरचं पाणी वाळताना ऊब घेऊन जातं. पटकन पुसलं नाही, तर पहिल्या दहा-वीस मिनिटांत तापमान २ ते ४ अंशांनी उतरू शकतं. वजनाच्या मानाने बाळाची कातडी मोठ्या माणसाच्या अडीच-तीन पट, आणि कुडकुडणं त्याला जवळपास येतच नाही.

तरी ते हतबल नसतं. गारवा लागताच मज्जातंतूंचा निरोप त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्यांना पोहोचतो आणि त्या आवळतात. रक्त हातापायांतून मागे फिरून हृदय, मेंदू, यकृत यांच्याकडे वळतं. म्हणून पहिल्या दिवशी चेहरा-छाती गुलाबी आणि तळहात-तळपाय निळसर दिसले, तरी बहुतेकदा घाबरायचं कारण नसतं. कधी पोटामांड्यांवर मकराण्याच्या संगमरवरासारखी निळी-जांभळी जाळी उमटते आणि ऊब मिळाली की पुसली जाते. याच वेळी मानेमागची, खांद्याच्या फऱ्यांमधली आणि मूत्रपिंडांभोवतीची तपकिरी चरबी जळू लागते. तिचं कामच ऊब देणं. पण त्यासाठी प्राणवायू आणि साखर खर्च होते, म्हणून गार पडलेलं बाळ लवकर थकतं. ही चरबी गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत साठते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाकडे ती थोडीच असते, आणि त्याच्या रक्तवाहिन्याही नीट आवळत नाहीत.

हा कारभार किती नवा असतो, हे एका विलक्षण दृश्यातून कळतं. कुशीवर निजलेल्या काही नवजातांचं खालचं अर्धं अंग लालबुंद होतं, वरचं फिकट, आणि मधोमध आखल्यासारखी सरळ रेष! काही सेकंद, फार तर वीसेक मिनिटं, आणि सगळं पूर्ववत. १९५२ साली याची पहिली नोंद झाली. रक्तवाहिन्यांवर मेंदूचा ताबा अजून पक्का बसलेला नसतो, असं यामागचं कारण मानतात. बाळाला त्रास काहीच नाही.

म्हणूनच आपल्याकडच्या नवजात विभागांत शिकवली जाणारी परीक्षा मला फार सुंदर वाटते. हाताची मागची बाजू आधी बाळाच्या पोटाला लावायची, मग तळपायाला. दोन्ही ऊबदार, तर बाळ सुखात. पोट ऊबदार पण पाय गार, तर ते ऊब राखायला झगडतंय. दोन्ही गार, तर झगडा हरायला आलाय. ताबडतोब उपचार हवेत. थर्मामीटरचा आकडा घसरण्याआधीच पाय बोलतात, कारण रक्त आधी तिथूनच निघतं.

आणि ते परत येतं कशाने? सेंट पीटर्सबर्गमधल्या, २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आईच्या उघड्या छातीवर ठेवलेल्या बाळांचे पाय ऊबदार होत गेले. वेगळ्या खोलीत ठेवलेल्यांचे गारच राहिले, कपड्यांत गुंडाळूनही. संशोधकांच्या मते आईच्या स्पर्शाने जन्माचा ताण ओसरतो आणि आवळलेल्या वाहिन्या सैलावतात. ऊब दुपट्यातूनही मिळते. हा दिलासा दुपटं देऊ शकत नाही.

मे महिन्यात गणित उलटतं. जयपूरची दुपार ४० च्या वर जाते. तेव्हा वाहिन्या रुंदावतात, कातडी लाल होते, बाळ हातपाय पसरतं; पण घाम गाळण्याची शक्ती तोकडी. अशा वेळी पोट आणि पाय दोन्ही तापलेले लागले, तर टोपडं काढावं, खोली गार करावी, अंगावर पाजावं. बाळ मलूल असेल तर लगेच डॉक्टर गाठावा. शेजारच्या राज्यातल्या अहमदाबादेत २०१० च्या उष्णतेच्या लाटेनंतर एका रुग्णालयाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा दिसलं की प्रसूती विभाग सर्वांत वरच्या मजल्यावरून खाली आणल्यावर उन्हाने आजारी पडून दाखल होणारी नवजात बाळं कमी झाली होती.