बसतंय का बघ, मामा!

माहीत आहे का? ग्राफिक्स कार्डांच्या बाजारातले दोन कट्टर प्रतिस्पर्धी नात्याने चक्क मामा-भाची आहेत! एनव्हिडियाचे जेन्सन ह्वांग आणि एएमडीच्या लिसा सू. ह्वांग यांची आई ही सू यांच्या आईच्या वडिलांची धाकटी बहीण. लांबचा का होईना, मामा तो मामाच. एखाद्या लग्नात दोघं एकाच पंगतीला बसले, तर जिलेबी कोण कोणाला वाढेल?

ही बातमी मला माझ्या भाचीनं दिली. बारावीचा शेवटचा पेपर देऊन आली आणि म्हणाली, "मामा, गेमिंग पीसी असेंबल करायचाय. तू फक्त पैसे आण आणि स्क्रूड्रायव्हर आण." बाकी डोकं तिचं. निघालो लॅमिंग्टन रोडला.

थांबा, या रस्त्याचं खरं नाव माहीत आहे का? डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग! पण ग्रँट रोडला उतरून हे नाव विचारलंत, तर लोक तुमच्याकडेच बघतील. लॉर्ड लॅमिंग्टन हे मुंबईचे गव्हर्नर. त्याआधी ते ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडला होते, आणि तिथला चॉकलेटमध्ये बुडवून खोबऱ्यात घोळवलेला लॅमिंग्टन केकही त्यांच्याच नावावरून ओळखला जातो म्हणे. इकडे रॅम, तिकडे क्रीम!

दुकानात पहिला प्रश्न: "इंटेल की एएमडी?" इथेच अर्धा निकाल लागतो. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटमध्ये टाचण्या किती? नावातच आहे, १७००. एएमडीच्या एएम५ मध्ये १७१८. फरक अवघा अठराचा, पण एकाचा प्रोसेसर दुसऱ्याच्या मदरबोर्डवर? विसरा.

बरं, आकडा सारखा असला की जमलं? हॅ! इंटेलचं एलजीए ११५१ सॉकेट २०१५ साली आलं. २०१७ मध्ये आठव्या पिढीचे प्रोसेसर आले, तेही ११५१ चेच. जुन्या बोर्डावर बसायचे छान. फक्त चालायचे नाहीत! बसणं वेगळं आणि चालणं वेगळं, हे सरकारी कचेरीत गेलेल्याला सांगायला नको.

उलट टोक बघा. एएमडीचं एएम४ सॉकेट २०१६ चं. त्याच सॉकेटसाठी २०२२ मध्ये रायझन ७ ५८००एक्स३डी आला, आणि कित्येक जुन्या बोर्डांवर नुसतं बायोस अपडेट करून पळाला. सहा वर्षं एकच खुर्ची!

भाचीनं घेतला इंटेलचा आय५ १२४००एफ. इथे मी ज्ञान पाजळलं: "बाळा, शेवटचा तो 'एफ' बघितलास ना? म्हणजे आतलं ग्राफिक्स बंद. वेगळं कार्ड हवंच. मदरबोर्डच्या मागचं एचडीएमआयचं भोक निव्वळ शोभेचं!" तिनं मान डोलावली. हा 'एफ' लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आता रॅम. मी ऐटीत डीडीआर५ उचलली. चारापेक्षा पाच मोठे, साधा हिशोब! दुकानदारानं शांतपणे माझ्या हातातून काढून घेतली. कारण या सॉकेटचे बोर्ड दोन जातींचे मिळतात, काही डीडीआर४ चे, काही डीडीआर५ चे, आणि आमचा होता चारवाला. गंमत माहीत आहे का? दोन्ही रॅमना पिना सारख्याच, २८८! फक्त मधली खाच थोडी सरकलेली. तेवढ्यानं काम तमाम.

आणि ऐका, ३२०० ची रॅम घेतली म्हणजे ती ३२०० नं धावतेच असं नाही. बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी नावाची सेटिंग चालू करेपर्यंत ती बऱ्याचदा २१३३ किंवा २६६६ वरच रेंगाळते. पैसे शताब्दीचे, प्रवास पॅसेंजरचा!

फूटपट्टी आहे का घरात? असू द्या. एनव्हिडियाचं स्वतःचं आरटीएक्स ४०९० कार्ड ३०४ मिलिमीटर लांब, म्हणजे शाळेतली पट्टी कमी पडते. वजन दोन किलोंच्या वर, म्हणून खाली टेकू लावतात. हो, टेकू! वाकलेल्या आंब्याच्या फांदीला लावतो तसाच. नॉक्टुआचा एनएच-डी१५ कूलर उंचीला १६५ मिलिमीटर. म्हणून कॅबिनेट घेताना दिवे नंतर, मापं आधी.

कार्ड वीज किती खातं? १९८१ च्या पहिल्या आयबीएम पीसीचा अख्खा पॉवर सप्लाय होता ६३.५ वॉटचा. २०२५ चं आरटीएक्स ५०९० हे एकटं कार्ड ५७५ वॉट मागतं. एका कार्डाच्या जेवणात नऊ पीसी जेवले असते!

एसएमपीएसच्या, म्हणजे पॉवर सप्लायच्या, वायरींचं प्रकरण तर सस्पेन्स सिनेमा. प्रोसेसरची वायर आठ पिनांची, कार्डाचीही आठ पिनांची. पण एक फुटते चार-चारमध्ये, दुसरी सहा-दोनमध्ये, आणि अदलाबदल चालत नाही. त्याहून भारी म्हणजे सुट्या वायरींचे एसएमपीएस. एका कंपनीची वायर दुसऱ्या कंपनीच्या डब्यात खुशाल बसते, पण आतल्या पिनांचा क्रम ठरलेला नसतो. बटण दाबलं की हार्ड डिस्क वैकुंठाला! जुनी वायर 'असू दे, कामाला येईल' म्हणून जपणाऱ्या तमाम मराठी घरांनी हे फ्रिजवर चिकटवावं.

रंगीबेरंगी दिव्यांतही मेख आहे बरं. तीन पिनांचे ५ व्होटचे, चार पिनांचे १२ व्होटचे. पाचवाला बारात खुपसला की दिवाळी एकदाच.

आणि वेगाचा वेडेपणा? डिसेंबर २०२२ मध्ये इंटेलचा १३९००के प्रोसेसर ९ गिगाहर्ट्झच्या पार नेला गेला. थंड कशानं केला? द्रव हेलियमनं, जो उणे २६९ अंशाला उकळतो! आमच्याकडे टेबल फॅन होता.

तर, प्रत्यक्ष जोडणी. जागा: हॉल. खाली: मदरबोर्डचा रिकामा खोका. भाचीनं प्रोसेसरच्या कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवला आणि अलगद ठेवला. ठेवला हं, दाबला नाही. मग तरफ खाली. कर्र्रर्र! माझ्या पोटात गोळा. तेवढ्यात सॉकेटवरचं काळं प्लास्टिकचं झाकण टप्पकन उडून माझ्या मांडीवर. "तुटलं!" मी ओरडलो. "मामा, ते आपोआपच उडतं," ती म्हणाली. रॅम बसवल्या दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. शेजारी-शेजारी नाही, एकाआड एक. टक्, टक्.

संध्याकाळी सातला बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, ताई देव्हाऱ्यातून हळदकुंकू घेऊन आली. स्क्रीन? काळा ठिक्कर.

मी रॅम काढली, फुंकली, घातली. काळा. एसएमपीएसच्या वायरी काढल्या, घातल्या. काळा. दुकानदाराला फोन लावणार, एवढ्यात भाची कॅबिनेटच्या मागे वाकली. मॉनिटरची केबल मीच लावली होती, मोठ्या विश्वासानं, थेट मदरबोर्डमध्ये. तिनं ती उपसली आणि चार बोटं खाली कार्डात खोचली. लखकन स्क्रीन उजळला.

"मामा," ती म्हणाली, "एफ!"