कृष्णाकांठचे दोन दिवस

थंडी पडूं लागली कीं घरोघर सहलीचे बेत सुरू होतात. परंतु घरांत आजोबा-आजी, लेकी-सुना आणि शाळकरी मुलें असा मोठा परिवार असला म्हणजे कोठें जावें हा प्रश्न सोपा राहात नाहीं. वडील माणसांस देवदर्शन हवें असतें, तरुणांस डोंगर हवा असतो, मुलांस पाणी हवें असतें, आणि गृहिणीस चार घटका निवांतपणा हवा असतो. हें सारें एके ठिकाणीं, आणि तेंही पुण्याहून सुमारें नव्वद किलोमीटरांवर, मिळवावयाचें तर कृष्णाकांठच्या वाईसारखें दुसरें गांव आम्हांस ठाऊक नाहीं. मात्र तेथें जाणारानें आधीं नदीशीं ओळख करून घ्यावी, असें आमचें सांगणें आहे. कारण वाईंतील पाहण्याजोगी बहुतेक प्रत्येक वस्तु कृष्णेचा स्वभाव ओळखून बांधलेली आहे.

महाबळेश्वराच्या माथ्यावरून उतरलेली कृष्णा येथें प्रथमच एखाद्या मोठ्या गांवाच्या अंगणांत येते. गंगापुरी, मधली आळी, गणपति आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह व भीमकुंड आळी असे तिचे सात घाट. पहिला दिवस घाटांसाठीं ठेवावा आणि तो पायींच पाहावा. माघ-फाल्गुनांत या घाटांवर आळीपाळीनें कृष्णाबाईचा उत्सव होतो. इ. स. १६५९ मध्यें अफझलखानाचा तळ वाईस पडला असतां त्या संकटाच्या निवारणार्थ नदीस केलेल्या नवसांतून हा उत्सव निघाला, अशी परंपरागत समजूत आहे. देवास नवस करणारीं गांवें पुष्कळ. नदीस देव मानून तिचा उत्सव करणारें हें गांव निराळें.

ढोल्या गणपतीचें देऊळ तर नदीच्या अगदीं पात्राशींच आहे. १७६२ सालीं गणपतराव भिकाजी रास्ते यांनीं तें बांधविलें. आंतील मूर्ति एवढी विशाल कीं ‘ढोल्या’ हें नांव तिला लोकांनीं प्रेमानेंच दिलें असावें. दर्शन झालें म्हणजे देवळाच्या मागें अवश्य जावें. तेथील भिंत सरळ नसून माशाच्या आकाराची, मध्यें निमुळती अशी बांधलेली आहे. पुराचें पाणी तिच्यावर आलें म्हणजे दुभंगतें व दोहों बाजूंनीं निघून जातें. पुलाच्या खांबाची रचना अशीच असते. नदीशीं झुंज न घेतां तिला वाट करून देणाऱ्या त्या कारागिरांची बुद्धि मुलांस येथेंच उभें करून समजावून द्यावी. शाळेंतल्या चार धड्यांचें काम ती एक भिंत करील. शेजारींच काशीविश्वेश्वराचें देऊळ व त्याचा सुंदर नंदी आहे.

या गांवास ‘दक्षिण काशी’ म्हणतात तें केवळ देवळांमुळें नव्हे. येथील प्राज्ञपाठशाळेंत १९१७ च्या सुमारास विनोबांनीं शास्त्राध्ययन केलें. त्याच परंपरेंतील तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखालीं मराठी विश्वकोशाचें काम वाईंतूनच चाललें आणि त्याचा पहिला खंड १९७६ सालीं बाहेर पडला. एका लहान गांवांतून अवघ्या मराठी भाषेचा ज्ञानकोश निघावा, ही गोष्ट आपल्या मुलांच्या कानांवर घालण्यासारखी खास आहे.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मेणवलीस जावें. तीन-चार किलोमीटरांची ही वाट मुलेंही हंसतखेळत चालतात. नाना फडणविसांचा चौसोपी चौकांचा वाडा व त्यामागचा चंद्रकोरीसारखा घाट चित्रपटांतून पुष्कळांनीं पाहिलेला असतो. परंतु घाटावरील मोठी घंटा मात्र जवळ जाऊनच पाहावी. १७३९ मध्यें चिमाजी अप्पांनीं वसई जिंकली, त्या विजयाची ही खूण. तिच्यावर १७०७ हा सनाचा आंकडा व बाळ येशूसह मेरीची आकृति आहे. तीस हिंदु देवळाच्या अंगणांत शेंकडों वर्षें सुखानें जागा मिळाली, हेंही पाहून घ्यावें.

येथून मंडळींनीं दोन वाटा धराव्या. वडील माणसांनीं धोमास जावें. तेथें कमळाकृति कुंडांत दगडी कासवाच्या पाठीवर नंदी बसविला आहे. तरुणांनीं पांडवगड चढावा. शिलाहार भोज राजाचा म्हणून सांगितला जाणारा हा गड ४,१७७ फूट उंच असून चांगल्या चालणारास दोन-अडीच तास लागतात. माथ्यावर पाण्याचीं टांकीं व पांडजाईचें देऊळ आहे. पिण्याचें पाणी मात्र घरूनच न्यावें आणि ऊन चढण्यापूर्वीं निघावें. पावसाळ्यांत घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर मुळींच उतरूं नये. वर धोमाचें धरण आहे, व त्याचें पाणी सोडलें म्हणजे पात्र बघतां बघतां भरतें.

गडावरून खालीं पाहिलें म्हणजे कृष्णा चांदीच्या तारेसारखी दिसते. जवळ गेल्यावर उन्हाळ्यांत तसें वाटत नाहीं. धरणामुळें धार रोडावलेली, आणि जें थोडें पाणी उरतें त्यांत सांडपाणी, निर्माल्य व प्लास्टिकच्या पिशव्या. पूर्वजांनीं पुरास वाट दिली. आम्ही तिच्या वाटेंत केरकचरा टाकतों. नदीस हात जोडणाऱ्या सुशिक्षित घरांतूनच हा कचरा पुष्कळदां येतो, हें आम्हांस लिहितांना संकोच वाटतो, परंतु तें खरें आहे.

म्हणून आमची वाचकांस एवढीच विनंति आहे. फराळाचे डबे पितळेचे वा पोलादाचे असावेत, पिशव्या कापडाच्या असाव्यात, आणि वाहिलेलीं फुलें पाण्यांत न सोडतां घरीं आणून झाडांच्या मुळाशीं घालावींत. आजीनें नातवास हें एकदां घाटावर करून दाखविलें तर तो तें जन्मभर विसरणार नाहीं. ज्या गांवानें नदीचा उत्सव केला, त्या गांवचा पाहुणचार घेऊन नदी मळवून परतणें आपल्या घराण्यांस शोभणारें नाहीं.