सांडपाण्याने दूषित झालेल्या जमिनीची वनस्पतींच्या साहाय्याने शुद्धी

शहरांच्या आसपास नाल्याच्या पाण्यावर भाजीपाला पिकविण्याची वहिवाट जुनी आहे. या पाण्यात नत्र, स्फुरद व सेंद्रिय द्रव्ये असल्यामुळे खताचा खर्च वाचतो. शिवाय उन्हाळ्यात विहिरी आटल्या तरी नाला वाहता राहतो. परंतु ज्या नाल्यात धातूंना मुलामा देणारे कारखाने, रंगशाळा अथवा जुन्या बॅटऱ्या फोडण्याचे धंदे आपले पाणी सोडतात, त्या नाल्यातून कॅडमियम, शिसे, निकेल, क्रोमियम असे जड धातू शेतात येतात. सेंद्रिय घाण जमिनीत कुजून जाते. धातू कुजत नाहीत. ते वरच्या थरात साचत राहतात. पीक मात्र हिरवेगार दिसते, म्हणून धोका डोळ्यांना दिसत नाही.

जपानचा अनुभव

जपानमधील जिंझू नदीच्या खोऱ्यात कामिओका खाणीतील कॅडमियम नदीच्या पाण्यावाटे भातखाचरांत उतरले. तेथील तांदूळ वर्षानुवर्षे खाणाऱ्यांची मूत्रपिंडे बिघडली व हाडे मऊ पडून मोडू लागली. या रोगास ‘इताई-इताई’, म्हणजे ‘दुखते, दुखते’, असे नाव पडले. १९६८ साली जपान सरकारने या रोगाचा कॅडमियमशी असलेला संबंध मान्य केला. दूषित खाचरे पूर्ववत करण्याचे काम २०१२ साली पुरे झाले.

माती बदलण्याचा खर्च सामान्य शेतकऱ्यास झेपणारा नाही. म्हणून धातू शोषून घेणाऱ्या वनस्पतींचा उपाय पुढे आला. जपानमध्येच ‘चोकोकोकू’ नावाचे भाताचे वाण खाचरात पाणी न साठविता दोन वर्षे घेतले असता जमिनीतील कॅडमियम ३८ टक्क्यांनी घटले, असे २००९ साली प्रसिद्ध झाले. पाणी साठलेल्या जमिनीत कॅडमियम गंधकाशी बांधले जाते व मुळांना मिळत नाही. म्हणून खाचर कोरडे ठेवले होते. आपल्याकडील मोहरीही कॅडमियम शोषून पानाखोडांत साठविते. वाळ्याची खोल मुळे बरेचसे धातू मुळांतच धरून ठेवतात व माती वाहू देत नाहीत.

हिशेब ध्यानात घ्यावा

एक हेक्टर जमिनीच्या १५ सेंटिमीटर थराचे वजन सुमारे २० लक्ष किलो भरते. दर किलो मातीत १ मिलिग्रॅम जादा कॅडमियम असेल तर ते एकूण २ किलो होते. समजा, मोहरीचे वाळलेले पीक ५ टन निघाले व त्यात किलोमागे १० मिलिग्रॅम कॅडमियम उतरले, तर एका पिकाने ५० ग्रॅम बाहेर जाईल; म्हणजे ४० पिके घ्यावी लागतील. उलट, ज्या पाण्यात लिटरमागे केवळ ०.०१ मिलिग्रॅम कॅडमियम आहे, असे एक मीटर पाणी वर्षभरात दिल्यास हेक्टरी १०० ग्रॅम कॅडमियम शेतात येते. यावरून उघड होते की, दूषित पाणी चालू ठेवून वनस्पतींकडून शुद्धीची अपेक्षा करणे व्यर्थ होय.

काय करावे

१. मृदा आरोग्य पत्रिकेतील १२ घटकांत कॅडमियम व शिसे येत नाहीत. यासाठी माती व पाण्याची वेगळी तपासणी करवून घ्यावी. नमुन्यासाठी जस्ताचा मुलामा असलेले घमेले वापरू नये.

२. प्रथम पाणी बदलावे. ते शक्य नसेल तर पालेभाज्या बंद करून कापूस किंवा फुलझाडे घ्यावीत. कारण पालेभाज्यांत कॅडमियम सहज उतरते.

३. शुद्धीसाठी लावलेली मोहरी पाने गळण्यापूर्वी कापावी. तिची भाजी करू नये, ती जनावरांना घालू नये, खतखड्ड्यात टाकू नये व जाळूही नये. विल्हेवाटीबाबत प्रदूषण नियंत्रण मंडळाचा सल्ला घ्यावा.

४. आम्लधर्मी जमिनीत चुना दिल्यास कॅडमियम पिकास कमी मिळते. मात्र ते जमिनीतच राहते, हे विसरू नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी नाल्याकाठच्या शेतकऱ्यांची सभा घेऊन हा हिशेब त्यांच्यासमोर मांडावा. एकट्या शेतकऱ्यास कारखान्याचे पाणी अडविता येत नाही. ग्रामपंचायतीने तपासणीचा अहवाल जोडून मंडळाकडे लेखी तक्रार करावी. नाल्यातून येणारा धातू थांबला आणि कापलेले पीक शेताबाहेर गेले, तरच वनस्पतींचे हे काम फळास येईल.