जकात म्हणजे उपकार नव्हे, हक्क : इस्लामची पाच मूलतत्त्वे दानातून समजून घेताना



"इस्लामची पाच मूलतत्त्वे सांगा" असं विचारलं की मुलं एका दमात सांगतात – कलमा, नमाज, रोजा, जकात, हज. "जकात म्हणजे काय?" असं पुढे विचारलं की "गरिबांना दान करणे" एवढं उत्तर येतं. पूर्ण गुण मिळतात आणि धडा संपतो. जाफराबाद तालुक्यात शिकवताना मीही बरीच वर्षं एवढंच शिकवलं.

माझी चूक मला एका आईने दाखवली. रमजान ईदच्या सुट्टीनंतर शाळा भरली होती. धडा मुलांच्या अनुभवाशी जोडावा म्हणून मी उत्साहात विचारलं, "कोणाकोणाच्या घरी फित्रा, जकात आली रे?" दोन हात वर गेले आणि लगेच खाली आले. एका मुलीने जी मान खाली घातली, ती तास संपेपर्यंत वर केली नाही. दुसऱ्या दिवशी तिची आई शाळेत आली. रागावली नाही. एवढंच म्हणाली, "सर, आम्ही मागायला गेलो नव्हतो. आमचा हक्क आहे म्हणून त्यांनी घरी आणून दिलं, तेही रात्री. तुम्ही चारचौघांत विचारलं की लेकराला वाटतं, आपण मागून खातो."

त्या दोन वाक्यांत जकातीचा सगळा धडा होता. देणं हा घेणाऱ्याचा हक्क आहे आणि ते त्याची मान खाली जाऊ न देता द्यायचं आहे. तेव्हापासून मी हा पाठ वेगळ्या पद्धतीने घेतो. तेच आज तुमच्यापुढे मांडतोय.

आधी शब्दाचा घोळ सोडवू

मराठीत 'जकात' म्हटलं की आपल्या पिढीला जकात नाका आठवतो. शहरात माल आणताना भरावा लागणारा तो कर. मुंबईत १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि तिथली जकातही संपली. हा करवाचक शब्द मूळ त्याच अरबी शब्दावरून आपल्याकडे आला, पण अर्थ बदलून. इस्लाममधल्या जकातीचा मूळ अर्थ आहे शुद्ध होणे आणि वाढणे. कमाईत गरजूचा वाटा मिसळलेला असतो. तो बाजूला काढून दिला की उरलेली कमाई शुद्ध झाली, अशी ही कल्पना आहे. कुरआनात तर श्रीमंताच्या मालात मागणाऱ्याचा आणि वंचिताचा ठरलेला हक्क असल्याचं सांगितलं आहे. म्हणजे देणारा स्वतःचं काही देत नाही. दुसऱ्याचं होतं ते पोहोचवतो.

जकात कोणावर आणि किती?

जकात सगळ्यांवर नसते. ज्याच्याकडे ठरावीक मर्यादेइतकी संपत्ती आहे आणि तिला एक चांद्रवर्ष झालं आहे, त्याच्यावरच ती बंधनकारक असते. या मर्यादेला 'निसाब' म्हणतात. साडेसात तोळे सोनं (सुमारे ८७.५ ग्रॅम) किंवा साडेबावन्न तोळे चांदी (सुमारे ६१२ ग्रॅम), किंवा तेवढ्या किमतीची रोकड अथवा व्यापाराचा माल. राहतं घर, अंगावरचे कपडे, शेतीची अवजारं, कारागिराची हत्यारं यांवर जकात नाही. प्रमाण आहे अडीच टक्के, म्हणजे चाळिसावा हिस्सा.

हे गणिताच्या तासाला छान बसतं. एक किराणा दुकानदार घ्या:

• रोकड – १,५०,००० रुपये
• दुकानातला माल – ४,५०,००० रुपये
• येणं असलेली उधारी – ६०,००० रुपये
• एकूण – ६,६०,००० रुपये
• वजा, देणं असलेलं कर्ज – १,००,००० रुपये
• शिल्लक – ५,६०,००० रुपये
• जकात – ५,६०,००० भागिले ४० = १४,००० रुपये

मुलांना विचारा, "आधी कर्ज वजा का केलं?" कोणीतरी नक्की सांगतं, "सर, जे आपलं नाहीच त्याच्यावर कसं द्यायचं?" बरोबर. आधी देणेकऱ्याचे पैसे, मग दानाचा हिशोब.

शेतकऱ्याची जकात – उश्र

आपल्या भागातल्या मुलांना हा भाग सर्वांत लवकर कळतो. पिकावरच्या जकातीला 'उश्र' म्हणतात. उश्र म्हणजे दहावा हिस्सा. पावसावर आलेल्या पिकाचा दहावा भाग द्यायचा. विहिरीतून, मोटेने किंवा मोटारीने पाणी देऊन पिकवलं असेल तर विसावा. ४० क्विंटल मका कोरडवाहू रानात झाला तर ४ क्विंटल, बागायतीत झाला तर २ क्विंटल. आपल्याकडच्या जमिनींना हा नियम कसा लागू होतो याबद्दल उलमांमध्ये मतभेद आहेत, तो निर्णय त्यांच्याकडे. आपल्याला शिकवायचं आहे ते त्यामागचं तत्त्व. ज्याने पाण्यासाठी जास्त खर्च आणि कष्ट केले, त्याच्यावरचा भार निम्मा. चौदाशे वर्षांपूर्वीच्या नियमात शेतकऱ्याच्या घामाचा हिशोब धरलेला आहे, हे कापूस-सोयाबीन पिकवणाऱ्या घरातल्या मुलाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

जकात कोणाला द्यायची?

कुरआनाने आठ प्रकारचे हक्कदार सांगितले आहेत. अगदी निर्धन, गरजू, जकात गोळा करून वाटणारे कर्मचारी, ज्यांची मनं जोडून घ्यायची आहेत असे लोक, गुलामगिरीतून सुटणारे, कर्जात बुडालेले, अल्लाहच्या मार्गातील कार्य आणि वाटेत अडकलेला प्रवासी. कर्जबाजारी माणूस या यादीत आहे, याकडे मुलांचं लक्ष जरूर वेधा. मराठवाड्यात कर्ज हा घराघरातला विषय आहे.

आई-वडील, मुलं, नातवंडं आणि पती किंवा पत्नी यांना आपली जकात देता येत नाही, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. कारण त्यांना सांभाळणं ही मुळातच आपली जबाबदारी आहे, तो काही दानाचा भाग नव्हे. भाऊ, बहीण, मावशी, काका गरजू असतील तर मात्र त्यांना आधी द्यावं. दानही होतं आणि नातंही जपलं जातं. बहुसंख्य उलमांच्या मते जकात मुस्लिम गरजूंसाठी आहे. पण ऐच्छिक दान, म्हणजे 'सदका', कोणत्याही धर्माच्या माणसाला देता येतो.

बाकीच्या चार तत्त्वांतही देणं आहेच

आपण जकात हा पाचातला एक मुद्दा म्हणून शिकवतो. नीट पाहिलं तर उरलेली चारही तत्त्वं देण्यापर्यंत येऊन पोहोचतात.

कलमा – सगळ्याचा मालक एक अल्लाह, ही श्रद्धा. मग माणूस कोण? संपत्तीचा अमानतदार, म्हणजे राखणदार. राखणदाराने मालकाच्या सांगण्याप्रमाणे वाटायला नको का?

नमाज – कुरआनात नमाज आणि जकात यांचा उल्लेख वारंवार जोडीने येतो. नमाज पढणारा पण शेजाऱ्याला साधी रोजच्या वापरातली वस्तूही न देणारा माणूस कुरआनाला मान्य नाही. गरिबाच्या खांद्याला खांदा लावून उभं राहायचं आणि बाहेर पडल्यावर त्याची उपासमार बघायची, हे जमत नाही.

रोजा – दिवसभराच्या उपाशीपणातून दुसऱ्याची भूक कळते. ती कळली की हात पुढे व्हायला हवा. म्हणून ईदच्या नमाजाआधी घरातल्या प्रत्येक माणसामागे फित्रा काढतात. आपल्याकडे साधारण पावणेदोन किलो गहू किंवा त्याची किंमत धरतात. तान्ह्या बाळाचाही फित्रा असतो. हेतू एवढाच, की ईदच्या दिवशी कोणाच्या घरची चूल थंड राहू नये. म्हातारपणामुळे किंवा बऱ्या न होणाऱ्या आजारामुळे रोजे ठेवताच येत नसतील, तर प्रत्येक रोजामागे एका गरिबाला जेवू घालतात. त्याला 'फिदया' म्हणतात.

हज – ऐपत असेल त्याच्यावरच. निघण्याआधी कर्ज फेडायचं आणि मागे राहणाऱ्या कुटुंबाच्या खर्चाची सोय करायची. हजच्या काळात येणाऱ्या बकरी ईदला कुर्बानीचे तीन वाटे करण्याची पद्धत आहे. एक घरचा, एक नातेवाईक-मित्रांचा आणि एक गरिबांचा.

मराठी मातीतली उदाहरणं

शाळेची सहल छत्रपती संभाजीनगरला गेली की मुलं पाणचक्की बघतात, फोटो काढतात आणि पुढे निघतात. पुढच्या वेळी दोन मिनिटं थांबवून सांगा. ही चक्की बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या परिसरात आहे. डोंगराकडून नळाने आणलेल्या पाण्यावर जातं फिरायचं आणि त्या पिठाच्या भाकरी तिथे उतरणाऱ्या फकिरांच्या, यात्रेकरूंच्या पोटात जायच्या. एकदाच केलेलं पण वर्षानुवर्षं चालत राहणारं असं दान म्हणजे 'सदका-ए-जारिया'. विहीर खोदणं, झाड लावणं, कोणाला लिहायला-वाचायला शिकवणं हेही त्यातच येतं. म्हणजे आपला पेशाही त्यात आलाच की!

अलीकडची दोन उदाहरणं. २०२० च्या रमजानमध्ये कोरोनाचं संकट होतं. तेव्हा इचलकरंजीच्या मुस्लिम समाजाने रमजानच्या दानाचे ३६ लाख रुपये तिथल्या इंदिरा गांधी स्मृती रुग्णालयाला दिले. त्यातून १० खाटांचा अतिदक्षता विभाग उभा राहिला. पुढच्या वर्षी, २०२१ च्या रमजानमध्ये, नागपूरचे वाहतूक व्यावसायिक प्यारे खान यांनी सुमारे ८५ लाख रुपये स्वतः खर्चून रुग्णालयांसाठी ऑक्सिजनचे टँकर आणले. प्रशासनाने पैसे देऊ केले तेव्हा ही आपली जकात आहे असं सांगून त्यांनी ते घेतले नाहीत. त्या खाटेवर कोण झोपणार आणि तो ऑक्सिजन कोणाच्या फुप्फुसात जाणार, हे विचारायची गरज कोणाला पडली नाही.

द्यायचं कसं?

'या हाताचं त्या हाताला कळू नये' असं आपण मराठीत म्हणतो. उजव्या हाताने दिलेलं डाव्याला कळू नये, हीच शिकवण हदीसमध्येही आहे. उघड दान चांगलं, पण गुपचूप दिलेलं अधिक चांगलं, आणि देऊन बोलून दाखवलं तर ते दान वाया गेलं, असं कुरआन सांगतं. गरजू असूनही कोणापुढे हात न पसरणाऱ्यांना ओळखून शोधायलाही सांगितलं आहे. धान्याची पिशवी हातात देतानाचा फोटो मोबाईलवर टाकणाऱ्या आजच्या काळात हा मुद्दा मुलांना आवर्जून सांगायला हवा.

वर्गात हे करून पाहा

१. 'तुमच्या घरी काय आलं?' किंवा 'तुम्ही काय दिलं?' असं वर्गात कधीही विचारू नका. उदाहरणं काल्पनिक घ्या.

२. जकातीचं गणित शेकडेवारीच्या पाठाला आणि उश्रचं अपूर्णांकाच्या पाठाला जोडा.

३. तुलना करू द्या. अन्नदान, शीख धर्मातला दसवंध, ख्रिस्ती परंपरेतला दशांश. यात 'दहावा भाग' कुठे कुठे येतो ते मुलं स्वतः शोधतील.

४. पैसे नसणाऱ्यानेही काय द्यावं? हसून बोलणं आणि वाटेतला काटा बाजूला करणं हाही सदका आहे, असं हदीस सांगते. प्रत्येकाने रोज असा एक सदका करावा आणि कोणालाही सांगू नये. वहीतही लिहू नये!

पालकांनाही एक विनंती. घरातून कोणाकडे काही पाठवायचं असेल तर मुलाला सोबत न्या. पण दार उघडल्यावर नजर खाली कोणी ठेवायची, हे त्याला आधी सांगा. देणाऱ्याने.

ती मुलगी पुढच्या इयत्तेत गेली. मी तिच्याशी त्या दिवसाबद्दल कधी बोललो नाही, कारण बोलणं म्हणजे पुन्हा तेच उकरणं झालं असतं. मात्र तेव्हापासून फळ्यावर 'जकात' लिहिलं की त्यापुढे 'गरिबांना दान' असं लिहीत नाही. 'गरजूचा हक्क' असं लिहितो.