पेशीच्याच हातून पी५३चा काटा काढणारा विषाणू

डीएनए बिघडलेल्या पेशीला आवरणारं, वेळ पडली तर तिला मरण पत्करायला लावणारं प्रथिन म्हणजे पी५३. अनेक कर्करोगांत त्याचं जनुकच बिघडलेलं असतं. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात मात्र ते सहसा धडधाकट सापडतं. तरीही पेशीत पी५३ जेमतेम उरतं. तयार होतं आणि लगेच मोडलं जातं.

मोडणारं यंत्र पेशीचंच. नको असलेल्या प्रथिनाला युबिक्विटिन या ७६ अमिनो आम्लांच्या चिमुकल्या प्रथिनाची साखळी चिकटवली जाते. ती खूण ओळखून प्रोटिएसोम हे पिंपाच्या आकाराचं यंत्र त्या प्रथिनाची घडी उलगडतं, आतल्या अरुंद पोकळीत ओढतं आणि तुकडे पाडतं. युबिक्विटिन तेवढं आधीच सोडवून घेतलं जातं, पुन्हा वापरायला. या शोधासाठी हर्श्को, सिएचानोव्हर आणि रोझ यांना २००४चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

खरी मेख आहे ती खूण कुणाला लावायची, यात. ते ठरवणारी सहाशेहून अधिक ‘ई३’ प्रथिनं माणसात आहेत आणि प्रत्येकाची गिऱ्हाइकं ठरलेली. त्यांपैकी ई६एपीचं पी५३शी एरवी फारसं देणंघेणं नसतं. पण गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागच्या एचपीव्ही विषाणूच्या घातक प्रकारांचं, जेमतेम दीडशे अमिनो आम्लांचं ‘ई६’ प्रथिन ई६एपीचा एक आखूडसा भाग आपल्या खोबणीत धरतं. धरताक्षणी त्याचा स्वतःचा आकार बदलतो आणि पी५३ला बसायला जागा तयार होते. २०१६मध्ये या तिघांची एकत्र रचना अणूंच्या पातळीवर दिसली. विषाणूजवळ कापायचं हत्यारच नाही. तो फक्त गाठ घालून देतो. इतक्या थोडक्या ऐवजावर एवढा घात, याने मी आजही थक्क होतो.

प्रयोगशाळेत अशा पेशींतलं ई६ बंद केलं, की पी५३ पुन्हा साठू लागतं. पण ई६ला रोखणारं औषध अजून बाजारात नाही. पुण्यात सिरम इन्स्टिट्यूट बनवते ती लस विषाणूला पेशीत शिरू देत नाही; ई६ तयार होऊ लागल्यावर तिचा उपयोग नाही. म्हणून ती ९ ते १४ वर्षांच्या मुलींना, संसर्गाआधीच द्यायची. मोठ्या बायकांसाठी तपासणी. उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातल्या एक लाखाहून अधिक ग्रामीण स्त्रियांच्या अभ्यासात एकाच एचपीव्ही चाचणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. ते निष्कर्ष २००९मध्येच प्रसिद्ध झाले, आणि ही चाचणी अजून गावोगावी पोचलेली नाही.